तेरा वर्षांच्या मुलाचे दोन दात आणि ४१,५०० रुपये

मार्चमध्ये मुलगा सायकलवरून तोंडावर आपटला. वरच्या पुढच्या एका दाताचा कोपरा तुटला, शेजारचा दात नुसता दुखत होता. तुकडा सापडला, तो मी स्टीलच्या डबीत दुधात घालून नेला. म्हणजे मी अगदीच अडाणी नव्हते.

डॉक्टरने डबीत पाहिलं आणि "याचा काही उपयोग नसतो" म्हणत तुकडा कचऱ्यात टाकला. तिथेच उठायला हवं होतं! तुकडा धड असेल तर तो पुन्हा चिकटवता येतो. पायाने उघडायच्या त्या डब्याचं झाकण आजही डोळ्यांसमोर येतं. पण पोराचा ओठ सुजलेला, शर्टावर रक्त, आणि समोरचा सांगतोय की तुटणं दाताच्या आतल्या नसेला पोचलंय, आजच रूट कॅनाल केलं नाही तर दोन्ही दात काळे पडतील. कोणती आई वाद घालेल?

दोन रूट कॅनाल १३,०००, दोन झिरकोनिया कॅप (घासलेल्या दातावर बसवायच्या पांढऱ्या कडक टोप्या) २८,०००, एक्स-रे ५००. न तुटलेला दातही "मॅचिंगसाठी" घासला. २५,००० जीपेवर दिले, १६,५०० रोख. रोखीची पावती "शेवटी एकत्र देतो" म्हणाले, ती अजून मिळालेली नाही. रोख देऊच नका.

ऑगस्टमध्ये हिरडीवर फोड आला. डेंटल कॉलेजातल्या मॅडमनी माझ्या फोनमधला पहिल्या दिवशीचा एक्स-रे पाहून विचारलं, "रूट कॅनाल कशासाठी केलं?" नस उघडी पडलेलीच नव्हती, कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, भरून भागलं असतं. या वयात हिरडी अजून सरकत असते, म्हणून कायमची कॅप साधारण अठरानंतर बसवतात. मार लागलेल्या दाताला सुरुवातीला थंड लावलेलं कळत नाही, तेवढ्यावरून तो मेला असं ठरवत नाहीत, काही आठवडे तपासत राहतात. एक्स-रेचा फोटो तिथल्या तिथे काढून घ्या, माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे.

आणि त्या पुराव्याचं करायचं काय? चौकीत म्हणाले, डॉक्टरी मामला, आमचा नाही. डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने प्रतिज्ञापत्र मागितलं, दिलं. मग प्रती कमी पडल्या. मग साहेब रजेवर. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, चूक झाली असं दुसऱ्या डेंटिस्टकडून लेखी आणा. पाच जणांकडे गेले. तोंडी सगळे "चुकलंच" म्हणतात, लेटरहेड काढायला एकही तयार नाही. चार दिवसांचा पगार कापला गेला, तो वेगळाच.

दात मुळासकट निखळला असेल तर मिनिटं मोजायची. नुसता तुटला असेल आणि नस उघडी नसेल, तर त्या जागेवर तात्पुरतं सिमेंट लावून दुसऱ्या डॉक्टरला विचारण्याइतका वेळ असतो. तो आम्हालाही होता. माझा मुलगा आता हसताना तोंडावर हात धरतो.