एसएफएक्स पॉवर सप्लाय, तेरा महिन्यांनंतर: डबा मावला, केबली मावल्या नाहीत

650 वॅटचा हा मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) एसएफएक्स (छोट्या मापाचा) पॉवर सप्लाय मी घरी बनवलेल्या साडेनऊ लिटरच्या केसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या खोक्यात, तेरा महिने वापरतोय. वॅट, गोल्ड रेटिंग (कार्यक्षमतेचा दर्जा) वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते केबलींबद्दल, कारण वर्षभराचा सगळा मनस्ताप तिथूनच झाला.

केस आखताना एसएफएक्सचं छापील माप धरलं: 125 रुंद, 63.5 उंच, 100 मिमी खोल. पत्रा कापला, भोकं पाडली आणि चारही स्क्रू पहिल्याच खेपेला बसले. फार आनंद झाला होता त्या दिवशी. मग प्लग लावायला घेतले. ते 100 मिमी नुसत्या डब्याचे असतात हो! मदरबोर्डला वीज देणाऱ्या 24-पिन केबलीचा प्लग सॉकेटबाहेर उरतो, त्यापुढे जाड तारांना वळायला जागा लागते. माझ्या केसमध्ये त्यात आणखी 38 मिमी गेले. ग्राफिक कार्डाची पट्टी सरकवून पुन्हा भोकं पाडावी लागली. केस बनवणाऱ्याने कागदावर 140 मिमी धरूनच आखणी सुरू करावी, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

त्याहून मोठा प्रश्न लांबीचा. 24-पिनची केबल 300 मिमी, केसमधली तिची वाट 170 ची. प्रोसेसरची 8-पिन केबल 400 मिमी, वाट 220 ची. उरलेली वेटोळी मी पॉवर सप्लायचा पंखा आणि जाळीचं पॅनेल यांमधल्या 14 मिमीच्या फटीत दाबली आणि पॅनेल बंद केलं. पहिले सात महिने तक्रार नव्हती. कमी लोडवर पंखा फिरतच नाही, खोलीत आवाज शून्य. तेव्हा लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक लिहिलं असतं.

आठव्या महिन्यात लांबलचक रेंडर (चित्रं-व्हिडिओ तयार करण्याचं जड काम) चालू असताना मशीन एकदम बंद पडलं. बटण दाबून उपयोग नाही, पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप शहाण्यासारखं सुरू. आठवड्यात तीनदा हेच. पॉवर सप्लाय गेला असं धरून वॉरंटीत पाठवला. तीन आठवडे काम ठप्प, चार फोन, आणि शेवटी चिठ्ठी आली: दोष आढळला नाही. फोनवर माझा आवाज चढला होता. आज म्हणेन, चिठ्ठी खरी होती. त्यांनी तो मोकळ्या टेबलावर तपासला, तिथे तो बंद पडणारच नव्हता.

पॅनेल काढून तोच रेंडर चालवला, दोन तास काही नाही. पॅनेल लावलं, पंचवीस मिनिटांत बंद. मग डोक्यात प्रकाश पडला. 400 वॅटचा लोड आणि 90 टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे 44 वॅट उष्णता त्या छोट्या डब्यातच तयार होते, ती बाहेर काढायला 92 मिमीचा पातळ पंखा, आणि त्याच्या तोंडावर मीच केबलींचा गठ्ठा कोंबलेला. तापमानाचं संरक्षण, म्हणजे फार तापल्यावर बंद पडण्याची सोय, आपलं काम चोख करत होतं. पॉवर सप्लायवरचा माझा राग त्या रात्री संपला.

सर्व्हिस सेंटरवरचा मात्र अजून आहे. परत आलेल्या खोक्यात एक साटा केबल (ड्राइव्हला वीज देणारी) दुसऱ्याच मॉडेलची होती. प्लग माझ्या सॉकेटमध्ये व्यवस्थित बसत होता, हेच भयंकर. डब्याकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते. सवयीने मल्टिमीटर लावला आणि माझ्या मूळ केबलीशी ताडून पाहिलं: ड्राइव्हच्या 5 व्होल्टच्या पिनवर 12 व्होल्ट पोचणार होते. तशीच लावली असती तर एसएसडी जळून गेला असता. तक्रारीवर एका ओळीची दिलगिरी आली, केबल आजतागायत आली नाही.

तयार आखूड केबलींचा संच इतका महाग, की त्या पैशांत अर्धा पॉवर सप्लाय येतो. ते मला पटेना. म्हणून मिनी-फिट जातीच्या पिना आणि 18 गेजची सिलिकॉन वेष्टणाची तार आणली, क्रिम्पिंगची (तारेवर पिन दाबून बसवायची) पक्कड मित्राकडून घेतली आणि तीन संध्याकाळी बसून दोन्ही केबली वाटेच्या मापाच्या केल्या. 24-पिनमध्ये काही ठिकाणी एकाच पिनेत दोन तारा असतात. त्यातली बारीक तार व्होल्टेज मोजून डब्याला कळवते, ती फालतू समजून कापू नका. प्रत्येक तार दोन्ही टोकांना तपासूनच मदरबोर्डला लावली. डबा मात्र उघडला नाही आणि कोणी उघडूही नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर जवळपास 400 व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत.

त्याला आता चार महिने झाले. पंख्यापुढे 14 मिमी मोकळे आहेत, रात्रभराचे रेंडर पॅनेल लावून पार पडतात, आणि पॅनेलही दोन बोटांनी बंद होतं. जुन्या लांब केबली एका पिशवीत बांधून वर मॉडेलचं नाव ठळक लिहिलंय. ती चुकीची साटा केबल मी दोन तुकडे करून टाकली, म्हणजे ती घरात कोणाच्या हाती लागायला नको.