बिलात तांबं, बोनेटखाली ॲल्युमिनिअम: जादा लाइटच्या वायरिंगमधली लूट

पुण्यातल्या एका थारच्या पुढच्या बंपरवर एक लाइट बार आणि दोन पॉड (छोटे सुटे लाइट) बसवले, डॅशवर स्विच आले, बिल झालं २६,४०० रुपये. काही दिवस सगळं छान पेटत होतं. मग मालकाने तो बार काढून खरोखर १८० वॅटचा, चांगल्या प्रतीचा बार त्याच वायरिंगला जोडला आणि ताम्हिणीच्या चढावर बोनेटमधून धूर यायला लागला. दहा नंबरचा पाना गाडीत होता, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल वेळेत निघालं, म्हणून गाडी वाचली. दुकानाचं नाव देत नाही, कारण हा प्रकार एका दुकानापुरता नाही. बिलातली एकेक ओळ आणि टेप सोलल्यावर त्या जागी काय निघालं, ते मात्र सविस्तर देतो.

आधी लाइट. बार ‘३०० वॅट’, साडेसात हजार. पॉडची जोडी ‘प्रत्येकी १२० वॅट’, पाच हजार. गाडी चालू ठेवून, १३.९ व्होल्टवर, डीसी क्लॅम्प मीटर (वायर न कापता, तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लावला तर जुना बार ५.१ अँपिअर घेत होता, म्हणजे ७१ वॅट. दोन्ही पॉड मिळून ४.६ अँपिअर, म्हणजे एकेक पॉड ३२ वॅटचा. खोक्यावरचा आकडा येतो कुठून? आत जितक्या एलईडी चिप तितक्यांना ३ किंवा ५ वॅटने गुणायचं, बस्स. प्रत्यक्षात ड्रायव्हर सर्किट (चिपना किती करंट द्यायचा ते ठरवणारं) त्या चिपना एवढा करंट देतच नाही, आणि दिला तर तेवढ्याशा बॉडीतून उष्णता बाहेर पडणार नाही. क्लॅम्प मीटर घेताना एसी-डीसी दोन्ही मोजणाराच घ्या. घरगुती वायरिंगवाल्यांकडे असतो तो बहुधा फक्त एसीचा, तो गाडीवर शून्य दाखवेल.

मीटर नसला तरी या गाडीत खोटेपणा पकडता आला असता. बिलाप्रमाणे एकूण ५४० वॅट, म्हणजे १३.९ व्होल्टला जवळपास ३९ अँपिअर. लाइनमध्ये फ्यूज होता हिरवा, ३० अँपिअरचा. लाइट खरे असते तर तो पहिल्याच रात्री उडाला असता.

आता हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कारण आग तिथेच लागत होती. बिलात ‘४ एमएम शुद्ध तांबं, वॉटरप्रूफ’, साडेचार हजार. (इथे एमएम म्हणजे धातूच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिमीमध्ये.) बाहेरून वायर जाडजूड दिसत होती, पण जाडी सगळी इन्सुलेशनची. आत ०.२ मिमीच्या २४ तारा निघाल्या. हिशोब सोपा आहे: तारेच्या व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले तारांची संख्या. २४ तारांचं उत्तर येतं ०.७५ चौरस मिमी. खऱ्या अडीच एमएममध्ये ०.३ मिमीच्या सुमारे ३६ तारा असतात, चार एमएममध्ये ५६. व्हर्निअर आणि पाच मिनिटं, एवढंच लागतं.

त्यात ती तांब्याचीही नव्हती. ॲल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली वायर बाजारात राजरोस मिळते आणि रंगाने ओळखू येत नाही. ब्लेडने एक तार खरवडा: आत पांढरा धातू दिसला तर ती ॲल्युमिनिअम. इथे गफलत होते ती कथिलाचा मुलामा दिलेल्या वायरीची. ती बाहेरून पांढरी आणि आत तांबडी असते, आणि पाणी-चिखलात जाणाऱ्या गाडीला तीच सगळ्यात उत्तम. बाहेरून पांढरी दिसली म्हणून नाक मुरडू नका, आतला रंग बघा. तांब्याच्या मुलाम्याची ॲल्युमिनिअमची तार मात्र शुद्ध तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांशच वीज वाहते, चार-सहा वेळा वाकवली की तुटते, आणि कापलेल्या टोकाला ओल लागली की ॲल्युमिनिअम झपाट्याने खराब होतं. कोकणात उतरणाऱ्या गाडीत अशी वायर म्हणजे पहिल्या पावसाळ्यातच जोड ढिले.

हिशोब लावला तर असल्या वायरीचा रोध मीटरला साधारण ४० मिलिओम. नवा बार १३ अँपिअर आणि पॉड ४.६, मिळून जवळपास १८ अँपिअर बॅटरीपासून बंपरपर्यंतच्या अडीच मीटर सामाईक वायरीतून जाऊ लागले. एकट्या पॉझिटिव्ह बाजूला १.८ व्होल्ट गळाले आणि दर मीटरमागे १२-१३ वॅटची उष्णता तयार झाली, तीही स्लीव्हमध्ये गुंडाळलेल्या, इंजिनाशेजारून गेलेल्या, ७० अंशांपर्यंतच चालणाऱ्या घरगुती पीव्हीसीत. खऱ्या चार एमएम तांब्यात तेवढ्याच करंटला पाव व्होल्टही गळत नाही आणि उष्णता मीटरला दीड वॅटच्या आसपास राहते. शिवाय हॅलोजनला व्होल्ट कमी मिळाले की तो करंटही कमी ओढतो. बऱ्याच एलईडी ड्रायव्हरचं उलट: व्होल्ट पडले की वॅट कायम राखायला ते जास्त करंट ओढतात, वायर आणखी तापते.

फ्यूज का उडाला नाही, हे मालकाला कळेना. कारण फ्यूज लाइटसाठी नसतो, वायरीसाठी असतो. पाऊण एमएमच्या वायरीवर ३० अँपिअरचा फ्यूज लावला तर आधी वायर जळते. त्यातून तो होता रिलेपाशी (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), बॅटरीपासून हातभर लांब. मधली वायर कुठे पत्र्याला घासली असती तर अडवायला काहीच नव्हतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५-२० सेंमीच्या आत फ्यूज हवा, यात तडजोड नाही. १८ अँपिअरच्या भाराला चार एमएम वायर आणि २५ चा फ्यूज चालतो. बार आणि पॉडला वेगवेगळे रिले-फ्यूज दिले तर अधिक चांगलं, म्हणजे एक उडाला तरी घाटात पूर्ण अंधार होत नाही.

रिले ‘४० अँपिअर, जर्मन’, बाराशे रुपये. नाव छापलेलं होतं, पण शाई नखाने निघाली. रिले उघडायची गरज नाही. लाइट चालू ठेवून ३० (करंट आत येतो ती) आणि ८७ (लाइटकडे जातो ती) या पिनांमध्ये मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. ०.१ च्या आसपास ठीक, इथे ०.६ आले, म्हणजे आतले कॉन्टॅक्ट भट्टीसारखे तापत होते. पिना वर करून बसवल्यामुळे आत पाणी साचत होतं ते वेगळंच. रिलेच्या पिना नेहमी खाली हव्यात.

सगळ्यात निगरगट्ट ओळ म्हणजे ‘कॅन-बस मॉड्यूल’, २,८०० रुपये. ‘हे नाही लावलं तर गाडीचा ईसीएम उडेल’, म्हणजे इंजिनाचा संगणक जाईल, असं सांगून घातलेलं. बॅटरीवरून स्वतंत्र रिलेने चालणाऱ्या लाइटचा गाडीच्या कॅन-बसशी, म्हणजे गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात त्या लाइनशी, संबंधच येत नाही. खोक्यात निघाला ६ ओमचा, सोनेरी ॲल्युमिनिअम बॉडीचा एक रेझिस्टर, लाइटला समांतर जोडलेला. तो लाइट लागले की ३० वॅटच्या वर वीज नुसती उष्णतेत घालवत होता, आणि तोही प्लास्टिकच्या पट्टीने हार्नेसलाच बांधलेला. वायर जिथे सर्वात जास्त वितळली, ती हीच जागा.

स्विच पॅनेल दिसायला झकास होतं, पण त्याची वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या) पत्र्यातून रबरी ग्रोमेटशिवाय आत घेतली होती आणि फीड थेट बॅटरीवरून होता. चावी काढूनही बटण चालू राहिलं तर सकाळी बॅटरी बसलेली. स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जायचा असतो, ०.२ अँपिअरच्या आत. तो इग्निशनवर चालू होणाऱ्या फ्यूजवरून फ्यूज-टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा फाटा देणारा जोड) लावून घ्यावा, ओरिजिनल वायर कापून टेप गुंडाळून नाही. वॉरंटी नाकारायला सर्व्हिस सेंटरला तो एक काळ्या टेपचा जोड पुरतो.

‘सिलिकॉन सीलिंग’चे आठशे रुपये घेऊन पॉडच्या मागची श्वासनळीही बुजवली होती. गरम लाइट थंड ओढ्यात गेला की आतली हवा आकसते आणि जिथे फट मिळेल तिथून पाणी आत ओढते. श्वासनळीची जाळी हवा येऊ देते, पाणी नाही, म्हणूनच कंपनीने ती दिलेली असते. दोन्ही पॉडच्या काचा आतून धुकटलेल्या होत्या.

अर्थिंगची वायर रंगावरच कसलेली निघाली. खालचा रंग खरवडून, रिंग टर्मिनल क्रिम्प करून (दाबून बसवून) चॅसिसच्या बोल्टला घ्यायला हवी होती. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असलेल्या गाड्यांत तर अर्थ बॉडीलाच द्यावा. थेट बॅटरीच्या खांबाला दिला तर तो भार सेन्सरच्या हिशोबात येत नाही.

पैसे देण्यापूर्वी एक चाचणी दुकानातच करून घ्या. इंजिन आणि सगळे लाइट चालू, मल्टिमीटरचं लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळं टोक लाइटच्या पॉझिटिव्हला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर, जोड किंवा रिले यांपैकी काहीतरी खोटं आहे. मग तसंच निगेटिव्ह बाजूला. टेप गुंडाळण्याआधी हार्नेसचे फोटो काढू देत नसतील तर काम तिथेच थांबवा.

खोक्यावर ‘आरटीओ पास’ असा स्टिकरही होता. असा स्टिकर कायद्यात कुठेच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १११ व्या नियमाप्रमाणे पुढच्या बाजूला स्पॉटलाइट वा सर्चलाइट लावायला नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, तीही अपवादात्मक परिस्थितीत. मोटार वाहन कायद्याच्या १८२-अ कलमाखाली बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सार्वजनिक रस्त्यावर या लाइटवर कव्हर ठेवणं हा शिष्टाचार झाला, परवानगी नव्हे.

तक्रार करायची तर जळालेला हार्नेस फेकू नका. बिलात वायरीचा आकार, धातू आणि वॅट लिहून घेतलेले असतील तर तेच दुकानदाराविरुद्ध पुरावा ठरतात. नुसतं ‘लाइट फिटिंग, एकूण’ असं लिहिलेलं बिल हातात असेल तर सिद्ध काय करणार? ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आणि विमा कंपनीला अपघात किंवा आगीचा दावा करताना हे लाइट पॉलिसीत नोंदवलेले नव्हते असं निघालं, तर सर्व्हेअर आधी तेवढंच लिहून घेतो.