सायकॉलॉजी की एमएसडब्ल्यू? बी.ए.नंतर अडलेल्यांसाठी

निकाल लागले की ओळखीतून फोन सुरू होतात. मुलीचं बी.ए. झालेलं असतं, 'तिला माणसांत राहायला आवडतं' असं आई सांगते, आणि मग प्रश्न येतो: एम.ए. सायकॉलॉजी करू दे की एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी? मी बी.ए.ला सायकॉलॉजी घेतली, पुढे एमएसडब्ल्यूला गेलो आणि आता हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर आहे. माझं पारडं कुठे झुकणार हे कळलंच असेल, त्या हिशेबानं वाचा.

मागणीबद्दल वाद नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (महाराष्ट्र त्यात नव्हता). त्यात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, २०२२ मध्ये टेलि-मानस ही सरकारी फोन-समुपदेशन सेवा सुरू झाली, शाळा आणि कंपन्याही काउन्सेलर शोधू लागल्या. पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) केसेस, बालकल्याण समित्या, पोलिस ठाण्यांतले महिलांसाठीचे कक्ष इथे सोशल वर्करशिवाय पान हलत नाही. पक्क्या नोकऱ्या मात्र दोन्हीकडे थोड्या आणि सरकारी योजनांतली बरीच पदं कंत्राटी. मुंबई-पुण्यात स्वतःची प्रॅक्टिस बसली तर सायकॉलॉजीवाला पैशात पुढे जातो, हे मान्य करायला हवं.

सायकॉलॉजीच्या वाटेवर कागदाचा एक तिढा आहे. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. ती प्रामुख्यानं दोन वर्षांच्या एम.फिल.मधून मिळायची आणि तिथे जागा मोजक्या. नव्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल.च मोडीत काढली, मग यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क या दोनांपुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली. त्यामुळे कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, आरसीआयच्या यादीत नाव आहे का ते स्वतः बघा. नोकरी सांभाळून घरूनच एम.ए. करू म्हणणाऱ्यांसाठी: जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं सायकॉलॉजीचे दूरशिक्षणातले प्रवेश बंद केलेत.

आता जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं ते. बी.ए.नंतर काही काळ मी एका समुपदेशन केंद्रात मदतनीस होतो. तिथल्या सायकॉलॉजिस्ट मॅडम एका मुलाची बिने-कामत ही बुद्ध्यांक मोजायची चाचणी घेत होत्या. शाळेनं 'मतिमंद असावा' असं लिहून पाठवलेलं. पोरगं एकामागून एक उत्तरं चुकवत होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं, उठून त्याच्या पाठीमागे गेल्या आणि हलक्या आवाजात त्याला हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. 'आधी कान तपासून आणा, मग आकडा काढू,' एवढंच त्या आईला म्हणाल्या. ही नजर नुसत्या मायेनं येत नाही, त्यामागे शिस्तीचा अभ्यास असतो. एमएसडब्ल्यूत तो अभ्यास तितका खोल होत नाही.

मग मी तिकडे का गेलो नाही? मला नडली ती दुसरी भेट. केंद्रात एक रजिस्टर होतं: नाव, पुढची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात बऱ्याचदा 'आले नाहीत'. रोजंदारीवर काम करणारे एक गृहस्थ शहापूरच्या पलीकडून आले होते. झोप लागत नाही ही तक्रार. पाऊण तास संपत आला तेव्हा कुठे निघालं, की फायनान्सवाल्यांची वसुलीची पोरं रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. पुढच्या मंगळवारी अकराची वेळ दिली. आले नाहीत. मी विचारलं, 'फोन करून बघू का?' उत्तर आलं, 'नाही. यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.' नियमात खोट नाही, माणसाच्या मागे लागू नये हे मलाही पटतं. पण येण्याजाण्यात त्यांची एक दिवसाची मजुरी बुडत होती, आणि मी खोलीत बसून घड्याळ बघत होतो. माझ्या स्वभावाला ते झेपलं नाही. सगळी केंद्रं अशी नसतात, माझ्या वाट्याला आलेलं सांगतोय.

सोशल वर्कमध्ये न आलेल्या माणसाकडे जाणं हेच काम असतं. एमएसडब्ल्यूची दोन वर्षं आठवड्याला दोन दिवस फील्डवर्क, मग त्याचं रेकॉर्डिंग, मग सुपरवायझरसमोर आय.सी. (त्यावरची एकेकट्याची चर्चा), याचा कंटाळा येतो, पण पायाला सवय लागते. आमच्या ओपीडीतल्या एका बाईंच्या गोळ्या सारख्या बंद पडायच्या. कागदावर शेरा: 'रुग्ण सहकार्य करत नाही.' गृहभेटीत कळलं, वस्तीत पाणी पहाटे चारला येतं. रात्री उशिरा घेतलेल्या गोळीनं सूनबाईंना जाग येत नाही म्हणून सासूनं डबी कपाटात ठेवून कुलूप लावलेलं. डॉक्टरांशी बोललो, त्यांनी गोळीची वेळ संध्याकाळवर आणली. सासूबाई आता स्वतः आठवण करतात.

इकडचा वैताग वेगळा. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी पिवळं की केशरी रेशनकार्ड, तहसीलदाराचा दाखला गेल्या वर्षीचा की यंदाचा, यात दुपारच्या दुपार जातात. त्यात नातेवाईकच विचारतात, 'साहेब, तुम्हाला याचा पगार मिळतो का?'

तर, एका माणसाबरोबर महिनोन्महिने एकाच खोलीत बसणं, चाचण्या, वाचन यात जीव रमत असेल, आणि एम.ए.नंतरही काही वर्षं शिकायची घरची तयारी असेल, तर सायकॉलॉजीच घ्या. मी अडवणार नाही. तेवढी खात्री नसेल तर मी एमएसडब्ल्यू सुचवेन. त्यानंतर काउन्सेलिंगचं प्रशिक्षण घेऊन त्यात मुरलेले बरेच जण मी पाहिलेत. सायकॉलॉजी करून वस्तीत उतरलेले, निदान माझ्या पाहण्यात, कमी.

कॉलेजच्या नावाला मी फार महत्त्व देत नाही. टाटा इन्स्टिट्यूट, निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे संस्था ही जुनी नावं चांगलीच आहेत, पण तिथे सगळ्यांना जागा मिळत नाही. कुठेही गेलात तरी मुलाखतीत विचारा, फील्डवर्कला कुठल्या संस्थेत पाठवता आणि तिथे सुपरवायझर कोण असतं. काही ठिकाणी दोन्ही वर्षं पोस्टर रंगवण्यात आणि रजिस्टर भरण्यात जातात. उत्तर गोल गोल आलं तर दुसरीकडे अर्ज करा.