केएनएक्सचा बेसिक कोर्स: आठ महिने साइटवर वापरल्यानंतर

केएनएक्स म्हणजे घरातले दिवे, पडदे, एसी एकाच कंट्रोल केबलवरून (बसवरून) चालवायची पद्धत. तिचा बेसिक कोर्स साधारण पाच दिवसांचा, शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. डिव्हाइस प्रोग्राम करायच्या ईटीएस सॉफ्टवेअरवर हात बसतो, कोणतं बटण काय चालवणार ते ठरवणाऱ्या ग्रुप अ‍ॅड्रेसची मांडणी डोक्यात पक्की होते. तेवढ्यावर ठाण्यातला ३ बीएचके डिझाइन करायला बसलात, तर मात्र पहिल्याच आठवड्यात अडाल.

वर्गात लाइनच्या, म्हणजे बसला वीज देणाऱ्या एका सप्लायवरच्या केबलच्या, लांबीवर बराच वेळ जातो: एकूण केबल १००० मीटर, सप्लायपासून डिव्हाइस ३५० मीटर. फ्लॅटमध्ये ही मर्यादा कधी येतच नाही. येते ती मिलिअँपिअरची. स्वस्त पडतो म्हणून १६० मिलिअँपिअरचा सप्लाय घेतात. भिंतीवरचे बटणांचे १२ कीपॅड प्रत्येकी १० धरले तरी १२० झाले. वर टच स्क्रीन आणि खोलीत माणूस आहे का ते ओळखणारे प्रेझेन्स सेन्सर आले की बसचं व्होल्टेज घसरतं, कीपॅड मधूनच रिस्टार्ट होतात आणि खापर प्रोग्रामिंगवर फुटतं. प्रत्येक डेटाशीटमधला आकडा एक्सेलमध्ये मांडून बेरीज करा, मगच सप्लाय निवडा.

कोर्समध्ये अजिबात नसलेला भाग म्हणजे पाइप. घोडबंदर रोडच्या अनेक टॉवरमध्ये मायव्हनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमच्या साच्यात ओतलेल्या, भिंती आहेत. त्या आरसीसीच्या, त्यामुळे पाइपासाठी भिंत कापून झिरी मारायची सोय नाही. बिल्डरनं टाकलेला पाइप आणि फॉल्स सीलिंग, एवढंच हातात. २५ मिमीच्या पाइपातून कॅट ६ च्या चारच केबल धरा. पाचवी कागदावर बसते, दोन बेंडनंतर ओढताना सालपट निघतं. म्हणून आधी पाइपांचा नकाशा, मग कीपॅडच्या जागा. उलटं केलं की इंटिरिअरवाल्याशी वाद ठरलेला.

डिमरचंही तसंच. फिटिंग शेवटच्या क्षणी बदलतात आणि एलईडीला वीज पुरवणारा नवा ड्रायव्हर खालच्या टक्क्यांत, म्हणजे उजेड कमी केल्यावर, फडफडतो. ऑर्डरआधी ड्रायव्हरचा एक नमुना मागवून टेबलावर लावून बघणं, हाच उपाय.

सरावाला ईटीएसची डेमो आवृत्ती पुरते. तिच्यात पाचच डिव्हाइस बसतात, पण सप्लाय, अ‍ॅक्च्युएटर (दिवे प्रत्यक्ष चालू-बंद करणारा), कीपॅड आणि यूएसबी इंटरफेस एका फळीवर लावून शिकायला तेवढं खूप झालं. वायरमन किंवा आयटीआय करून आलेली मुलं इथे चटकन पुढे जातात, कारण डीबी (घरातली एमसीबींची पेटी) उघडायला ती बिचकत नाहीत. २३० व्होल्टचं काम मात्र लायसन्सवाल्या कंत्राटदाराकडेच.

टेक्निशियनपासून डिझायनरपर्यंत जायचं तर कागद नीट ठेवायची सवय लावा. साइटवर पाठवण्याआधी टेबलावरच प्रत्येक डिव्हाइसला त्याचा अ‍ॅड्रेस द्या आणि मागे १.१.७ असं लेबल चिकटवा. भिंतीत बसल्यावर अ‍ॅड्रेस देताना लागणारं प्रोग्रामिंग बटण दाबायला कीपॅड पुन्हा उपटावा लागतो. काम संपल्यावर प्रोजेक्ट फाइल पासवर्डसकट मालकाच्या हाती द्या. ती नसेल, तर पुढच्या माणसाला एक दिवा वाढवायलाही अख्खं घर नव्यानं प्रोग्राम करावं लागतं.