स्लाइड गिटारसाठी मिरजेतलं दुकान, पाचपैकी साडेचार

सांगली-मिरजेकडं कुणी जुना डेल्टा ब्लूज (अमेरिकेतल्या मिसिसिपीकडच्या काळ्या लोकांचं संगीत) किंवा गॉस्पेल (त्यांची देवाची गाणी) स्लाइडवर वाजवत असेल तर गिटार घेऊन पुण्याला जायची काही गरज नाही, सतारमेकर गल्लीतल्या या दुकानात द्या. माझी साधी अकौस्टिक गिटार इथं स्लाइडसाठी करून घेतली आणि काम एक नंबर झालंय.

आधी अडचण काय होती ते सांगतो. स्लाइडमध्ये तार पडद्यावर दाबायचीच नसते, काचेची नाहीतर स्टीलची नळी बोटात घालून तारेवरनं नुसती फिरवायची, त्यामुळं तारा उंच पाहिजेत नाहीतर नळी पडद्यांवर खडखडते. त्यात ट्यूनिंग वेगळं, ओपन डी म्हणजे आपल्या हिशोबानं सा प सा ग प सा, त्यात चार तारा नेहमीपेक्षा खाली उतरतात आणि तारा बारीक असल्या की ढिल्या पडून आवाजात जीवच राहत नाही. एका मोठ्या शहरातल्या गिटारच्या दुकानात हे सगळं सांगूनसुद्धा त्यांनी तारा अजून खाली करून दिल्या होत्या.

इथं दुकानातल्या कारागीर चाचांनी पहिल्यांदा विचारलं, वाजवणार काय तुम्ही? मी मोबाईलवर ब्लाइंड विली जॉन्सन लावला. टेक्ससचा आंधळा माणूस, रस्त्यावर उभा राहून देवाची गाणी म्हणायचा, १९२७ मध्ये डॅलसला त्यानं कोलंबिया कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं, त्यातल्या एका गाण्यात शब्दच नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि त्याला धरून स्लाइड. चाचांनी कानस खाली ठेवली, अख्खं ऐकलं आणि म्हणाले, "मींड बघा की ओ कसली घेतोय, गातोयच की त्यो तारेवर." पुढं मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. हेच गाणं १९७७ ला व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत घालून अवकाशात पाठवलंय आणि त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, म्हणजे कोल्हापूर दरबारच्या अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या, हे सांगितल्यावर आतली पोरं पण हातातलं काम सोडून ऐकायला आली.

आता काम. प्लास्टिकचा नट (मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) काढून हाडाचा नवीन उंच नट घडवला, खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणं. कानस जरा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, कान गिटारच्या पोटाला लावून ऐकायचं, परत तार उतरवायची, असं एकेका तारेला चाललेलं, घाई अजिबात नाही. तंबोऱ्याची जवारी काढणारा हात आहे तो, पण गिटारला ती झणझण नको म्हटल्यावर घोडीवरची (खालच्या बाजूला तारा टेकतात त्या पट्टीवरची) धार एकदम साफ ठेवली. खालचा सा आता छेडला की बराच वेळ टिकतो आणि नळी कुठंच घासत नाही.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की हे संगीत मुळात महागड्या वाद्यांचं नाहीच. ब्लूजचा संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीनं १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर एका माणसाला तारांवर सुरी फिरवून वाजवताना ऐकलं. पुढं हे ब्लूज वाजवणाऱ्या लोकांच्या हातात न्यू जर्सीच्या ऑस्कर श्मिट कंपनीच्या स्टेला वगैरे स्वस्त गिटारी असायच्या, कापसाच्या शेतात वाट्यानं राबणारी माणसं, आणि विली जॉन्सन तर १९४५ ला बोमाँटमध्ये गरिबीतच गेला. गिटार साधी होती पण ती माणसं आपल्या गळ्याप्रमाणं लावून घ्यायची. म्हणून गळा ओळखणारा कारागीर पाहिजे, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेत, जिथं तलवारींना धार लावणारी शिकलगार घराणी सतार-तंबोरे करायला लागली, तिथं तो मिळणारच.

अर्धा स्टार कापला तो तारखेसाठी, सांगितलेल्या दिवशी गिटार तयार नव्हती, फोन करत राहावं लागलं. तेराच्या जाड तारा (सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंचाची असते तो संच) दुकानात मिळत नाहीत, स्वतःच्या घेऊन जा. पिकअप (गिटारचा आवाज अँप्लिफायरला देणारा भाग), वायरिंग असलं काही ते करत नाहीत. उरुसाच्या दिवसांत तर जाऊच नका, गल्लीत गाडी लावायला जागा नसते. रेझोनेटरचं पण विचारून बघितलं, म्हणजे जॉन डोपयेरा या माणसानं शोधलेली, १९२७ ला नॅशनल कंपनीनं काढलेली, आत आवाज मोठा करायला अॅल्युमिनियमचे शंकू असलेली गिटार, तर चाचांनी सरळ सांगितलं की पत्र्याचं काम आमचं न्हवं, नट आणि घोडी असली तर घेऊन या.