कोड आधी दिला, वजन नंतर केलं: सिलिंडरमध्ये १ किलो ९०० ग्रॅम गॅस कमी

फसवणूक १५६ रुपये ५० पैशांची आहे. १२१ रुपयांचा गॅस आणि वरून घेतलेले ३५ रुपये ५० पैसे. रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसायचं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. पण हा प्रकार एका सिलिंडरचा नाही, आणि आमच्या एका घराचाही नाही. म्हणून लिहिते आहे.

घरगुती सिलिंडरमधून किलो-दीड किलो गॅस काढून घेतात, तो दुसरीकडे जास्त भावानं जातो, हे नागपुरात कोणाला सांगायची गरज नाही. मलाही माहीत होतं. तरी फसले, कारण वेळ त्यांची होती. मे महिना, दुपारचा एक, नळाला पाणी आलेलं, हातात कुलर भरायचा पाइप, ओट्यावर निवडायला घेतलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. खालूनच सिलिंडरवाल्याचा आवाज आला, "काकू, मोबाइलवर कोड आला असंल, सांगा लवकर." मी गॅलरीतून कोड सांगून टाकला. सिलिंडर अजून जिन्यातही आला नव्हता.

तोच क्षण. कोड दिला की कंपनीच्या नोंदीत माल पोहोचला, ग्राहकानं पाहून घेतला, व्यवहार संपला. नंतर तुम्ही काहीही सांगा, पहिला प्रश्न हाच येतो, "कोड तुम्हीच दिला ना?" कोड म्हणजे तुमची सही आहे. वजन होईपर्यंत तो तोंडातून काढू नका.

दुसरी खूणही समोर होती. व्हॉल्व्हवरचं प्लॅस्टिकचं सील बोटानं गोल फिरत होतं आणि एका बाजूला सुरकुतलेलं होतं. कारखान्यातून आलेलं सील आवळून बसलेलं असतं, फिरत नाही, काढायला जोर लावावा लागतो. गरम करून सैल केलेलं सील पुन्हा चढवलं की असंच दिसतं. मी ते फिरवून पाहिलं, मनात शंका आली, आणि तरी ठेवून घेतलं. "वजन करून दाखव" एवढे तीन शब्द निघाले नाहीत. तो म्हणाला, "काटा गाडीत राहिला, काकू, अजून वीस घरं करायची आहेत." त्या उन्हात माणसाला पुन्हा दोन माळे उतरायला लावायचं जिवावर आलं. यात माझं काय चुकलं, हे मला अजून कळत नाही. चांगुलपणाचा फायदा घेतला, एवढंच कळतं.

पावती ९०४ रुपये ५० पैशांची होती, घेतले ९४०. घरपोच देण्याचा खर्च बिलातच धरलेला असतो. वरचे पैसे हक्कानं मागायचा त्यांना काही अधिकार नाही. सुटे काढून ठेवत जा.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाला आला. त्याच्याकडे टांगायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता, म्हणून सहज सिलिंडर लावून पाहिला. २८.४ किलो. सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकामं वजन लिहिलेलं असतं. आमच्यावर १६.१ होतं. त्यात गॅस १४.२ किलो, म्हणजे एकूण ३०.३ भरायला हवं. फरक १ किलो ९०० ग्रॅम. १५० ग्रॅमपर्यंतचा फरक चालतो, हा त्याच्या बारापटीहून जास्त. रद्दीवाल्याच्या काट्यावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून तसाच सीलबंद सिलिंडर स्कूटरवर टाकून पिठाच्या चक्कीवर नेला. तिथला मोठा काटा दरवर्षी शिक्का मारून घेतलेला. तिथेही २८.४.

मग भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. सिलिंडर लावल्याची तारीख मी त्यावर लिहिते. चार माणसांच्या घरात एक सिलिंडर ४० दिवस जातो. मागचे तीन ३४, ३५ आणि ३४ दिवसांत संपले होते. उन्हाळ्यात आंघोळीचं पाणी तापवायचं नाही, गॅस उलट जास्त दिवस पुरायला हवा. मी मात्र बर्नरला दोष देत होते. ३०० रुपये देऊन शेगडीची सर्व्हिसिंगही करून घेतली. तारखा लिहायच्या आणि त्यांच्याकडे पाहायचं नाही, ही चूक माझी.

वजन करायला लावाल तेव्हा आधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते पाहा. स्प्रिंगच्या काट्याचा बाण बरेचदा आधीच दीड-दोन किलोवर उभा असतो. सिलिंडर जमिनीपासून पूर्ण उचललेला हवा, दाराच्या चौकटीला किंवा पायाला टेकलेला नको. काट्याबद्दल शंका असेल तर घरातलं न फोडलेलं १० किलोचं आट्याचं पाकीट लावून पाहा. हलवून किंवा उचलून अंदाज घेऊ नका, ३० किलोत दोन किलोचा फरक हाताला कळत नाही.

पैशापेक्षा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. गॅस काढताना व्हॉल्व्हमध्ये नळी घुसवतात, त्यात आतलं रबराचं वायसर फाटू शकतं. मग रेग्युलेटर लावल्यावर तिथून गळती होते. टोपी काढली की व्हॉल्व्हच्या तोंडात थोडं पाणी टाकून बुडबुडे येतात का ते पाहा, डिलिव्हरीवाल्यासमोरच. काडी पेटवून तपासणारे लोक अजून आहेत, कृपा करून तसं करू नका. गळती दिसली तर १९०६ या तातडीच्या क्रमांकावर फोन करा. कड्यावर इंग्रजी अक्षर आणि साल असतं, ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत, तेही वाचा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. तो काळ उलटून गेलेला सिलिंडर घेऊच नका.

आता तक्रारीचं. एजन्सीत गेले तर काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "सील तुम्हीच सैल केलं असंल." चक्कीवरचा फोटो दाखवला, काट्यावरचा आकडा दिसत होता, तर म्हणे फोटो कोणत्या सिलिंडरचा कशावरून. कंपनीकडे फोनवर तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी मेसेज आला की तक्रार निकाली निघाली. घरी कोणी आलं नाही, एक फोन नाही, वजन नाही. निकाली कशी निघाली? पुन्हा नोंदवली, पुन्हा तसाच मेसेज.

मग वजन-मापांचं सरकारी कार्यालय. वजनात खोट असेल तर वैधमापन शास्त्र कायदा, २००९ लागू होतो, हे वाचून गेले होते. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पण पोच दिली नाही, कारण पावतीची झेरॉक्स जोडलेली नव्हती. झेरॉक्स घेऊन तिसऱ्यांदा गेले तर हा विषय आमचा नाही, पुरवठा विभागाकडे जा. पुरवठ्याच्या टेबलावर सांगितलं, वजनाचं आम्ही पाहत नाही. दोन्ही टेबलांच्या मध्ये ग्राहकानं उभं राहायचं का? ४२ अंशांत चार खेपा झाल्या, पेट्रोल २०० रुपयांचं, झेरॉक्सचे १२. चोरी १५६ रुपये ५० पैशांची आणि ती सिद्ध करायला २१२. लोक तक्रार करत नाहीत असं हेच लोक वर तोंड करून सांगतात. करतील कशी?

तुम्ही गेलात तर अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय हलू नका. सिलिंडरचा क्रमांक, रिकामं वजन, सील आणि काटा एकाच अखंड व्हिडिओत घ्या. वेगवेगळे फोटो उपयोगी पडत नाहीत. सील फोडू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून क्रमांक लिहून ठेवा.

तो सिलिंडर मी लावलेला नाही. गॅलरीत सावलीत, सीलसकट उभा आहे. दुसऱ्या सिलिंडरवर स्वयंपाक चालू आहे आणि कॅलेंडरवर आज त्याचा एकोणिसावा दिवस आहे. सोमवारी दोन प्रती घेऊन पुन्हा त्याच टेबलावर जाणार आहे.