कॅनडाच्या ‘टेंपररी परमिट’साठी साडेतीन लाख गेले

लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं कॅनडाला जाणार होतो. ह्यांचा अमेरिकेचा व्हिसा २०१६ साली नाकारला गेला होता. आधी कुठे व्हिसा नाकारला होता का, असा प्रश्न कॅनडाच्या अर्जात असतो. नाशिकच्या एजंटाने त्यापुढे ‘नाही’ लिहिलं. “काका, उगाच कशाला सांगायचं?” म्हणाला. आम्ही न वाचता सह्या केल्या. ईमेलही त्याने स्वतःचाच दिला. त्यामुळे खुलासा मागणारं पत्र त्याच्याकडे गेलं, आम्हाला पत्ताच नाही. कळला तो थेट निकाल: खोटी माहिती, तिथल्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४०, ह्यांना पाच वर्षं प्रवेशबंदी. एजंट म्हणाला, सही तुमची आहे. कायद्यानेही जबाबदारी अर्जदाराचीच असते. मी एकटी गेले.

परत आल्यावर दुसरा एजंट भेटला. “बंदी असली तरी टेंपररी रेसिडेंट परमिट काढतो, गॅरंटी!” असं परमिट खरोखर असतं, म्हणून तर विश्वास बसला. पण ते पूर्णपणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. जाण्याची निकड किती आणि धोका किती, हे तो तोलून पाहतो. मिळालं तरी जास्तीत जास्त तीन वर्षांचं, आणि कधीही रद्द होऊ शकतं. सरकारी फी दोनशेच्या वर काही डॉलर, तीही नकार आला तर परत नाही. मग गॅरंटी कोण देणार? आम्ही साडेतीन लाख दिले.

त्याला निकड दाखवायला लेकीच्या आजारपणाचं खोटं पत्र हवं होतं. लेक फोनवर रडली, “आई, पुन्हा खोटं?” आम्ही नाही म्हटलं. तरीही त्याने ‘अर्ज भरला’ म्हणून पावती पाठवली.

सात महिने गेले. लेकीने तिकडे ह्यांच्या संमतीने पाच डॉलर भरून इमिग्रेशन खात्याकडून ह्यांची फाइल मागवली. जुन्या अर्जानंतर दुसरा अर्जच नव्हता. पावती बनावट. त्या एजंटाचा फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे अजून नाहीत.

पैसे घेऊन असं काम करायला तिथला वकील किंवा परवानाधारक सल्लागार लागतो. सल्लागारांची यादी त्यांना परवाने देणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे ‘कॉलेज’च्या वेबसाइटवर कुणालाही फुकट तपासता येते. आम्ही तपासली नव्हती. आता लेकीने त्या यादीतलाच एक गाठलाय. त्याने आधी जुन्या अर्जाची प्रत मागितली. आमच्याकडे नव्हती, ती त्या पाच डॉलरच्या कागदांत निघाली. ह्यांनी तो ‘नाही’ तेव्हा पहिल्यांदा वाचला.